गॅस बंद केलास ना?

मोबाइल घ्यायचा म्हटलं की आपण काय काय करतो! दोन आठवडे रिव्ह्यू वाचतो, ऑफिसातल्या तिघाचौघांचं डोकं खातो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास चालते, सगळं तोंडपाठ. फ्लॅट घ्यायचा तर कार्पेट एरियापासून पार्किंगपर्यंत एक्सेल शीट तयार. टीव्ही कुठल्या भिंतीवर, सोफा कुठल्या रंगाचा, यावरून तर चक्क भांडणं होतात. आणि शेगडी? ती येते कुठल्याशा सेलमध्ये, फ्री मिळालेल्या तव्यासकट. ‘इन्स्टॉलेशन फ्री आहे ना? मग झालं तर!’ एवढ्यावर विषय कट.

गंमत बघा. देवघरातलं निरांजन सोडलं, तर आपल्या अख्ख्या घरात खरा विस्तव असतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. त्याच्या खाली, हातभर अंतरावर, १४.२ किलो गॅस भरलेला सिलिंडर. तरी मॉड्युलर किचन करताना आपली चर्चा होते ती शटरच्या फिनिशवर.

बरं, ही शेगडी बसवायला माणसं किती येतात? सुतार येतो, ग्रॅनाइट कापणारा येतो, इलेक्ट्रिशियन येतो, शेगडीच्या कंपनीचा मेकॅनिक येतो आणि गॅस एजन्सीचा माणूस येतो. पाच जण. प्रत्येकाला आपापलं काम उत्तम येतं. पण सुताराला नळी कुठून जाणार हे माहीत नसतं आणि मेकॅनिकला प्लग पॉइंट तिथेच का काढलाय हे माहीत नसतं. पाचही जणांची कामं एकत्र बघणारा एक सहावा माणूस लागतो. तो सहावा माणूस म्हणजे आपण. आणि आपण त्या वेळी नेमके कॉलवर असतो!

वाकडच्या माझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं, तेव्हा ही सहाव्या माणसाची नोकरी मी मनापासून केली. मी फार शहाणी आहे म्हणून नव्हे. कारण होतं आई.

२०२१ मध्ये आईला कोविड झाला. ताप गेला, खोकला गेला, वास मात्र गेला तो गेलाच. बहुतेकांचा काही आठवड्यांत परत आला, हिचा आला नाही. मिरजेच्या घरी ती एकटी. तिने कुणालाच सांगितलं नाही. मी सुट्टीला गेले तेव्हा बघितलं, ती फोडणी घातल्यावर शेजारच्या काकूंना खिडकीतून हाक मारून विचारत होती, ‘लसूण करपला का हो?’ मला वाटलं गप्पा चालल्यात. मग दुपारी दूध करपलं. सगळं घर त्या वासाने भरलेलं आणि ही हॉलमध्ये शांतपणे पेपर वाचत बसलेली.

‘वास येत नाही तुला?’

‘कळतं मला सगळं,’ ती म्हणाली. म्हणजे येत नव्हता.

आता ही माझ्याकडे राहायला येणार होती. मी सकाळी साडेआठला हिंजवडीला निघणार, परत यायला सात. मधले दहा तास आई आणि शेगडी, दोघी घरात.

आपल्याला वाटतं, गॅसला वास असतोच. नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा काही वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचं एक भयंकर घाण वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीत गॅस साठून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण गेले. बहुतेक सगळी शाळकरी मुलं. वास नसलेला गॅस गळत होता, कुणाला पत्ताच लागला नाही. त्यानंतर गॅसला वास लावण्याचे कायदे आले. म्हणजे तो वास हा एक अलार्म आहे आणि तो वाजतो आपल्या नाकात. ज्याचं नाक बंद, त्याच्या घरात अलार्मच नाही. सीधी बात.

तर आमची शेगडी-मोहीम दुकानापासून सुरू झाली. सेल्समन तरुण होता, उत्साही होता. काचेचा टॉप, पितळी बर्नर, मॅट फिनिश, सगळं घडाघडा सांगितलं. मी विचारलं, ‘ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो का?’ तो म्हणाला, ‘मॅडम, ऑटो इग्निशन आहे ना!’

इथे बरेच जण फसतात म्हणून सांगते. ऑटो इग्निशन म्हणजे लायटरची सोय, नॉब फिरवला की ठिणगी पडते. बस्स. आमटी उतू जाऊन किंवा वाऱ्याने ज्योत विझली, तर गॅस सुरूच राहतो. त्यासाठी फ्लेम फेल्युअर डिव्हाइस हा वेगळा प्रकार. बर्नरच्या बाजूला एक बारीकशी दांडी असते. ज्योतीने ती तापली की त्यात अगदी किंचित वीज तयार होते आणि त्या विजेच्या जोरावर आतला व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत गेली, दांडी गार झाली, व्हॉल्व्ह बंद. काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात. पैसे जास्त पडतात, पण आमच्यासाठी हा ऑप्शन नव्हता, मस्ट होतं. आणि हो, आयएसआयचा मार्क. तो बघायला पैसे पडत नाहीत.

हॉब की साधी ओट्यावर ठेवायची शेगडी, हा निर्णय आईच्या उंचीने घेतला. ओट्यावर शेगडी ठेवली की बर्नर आणखी चार बोटं वर जातो. आई जेमतेम पाच फूट. मोठ्या पातेल्यात डोकावायला तिला टाचा उंच कराव्या लागतात. ओट्यात बसवलेला हॉब तिला बरोबर हाताशी आला. तीन बर्नरचा घेतला, नॉब समोरच्या बाजूला असलेला. कडेला नॉब असले की पेटलेल्या बर्नरवरून हात न्यावा लागतो, हे मला आईनेच सांगितलं.

मग सुतारकाका. हॉबसाठी ग्रॅनाइटला भोक पाडायचं तर माप त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलंच हवं. ‘सगळ्यांचं सारखंच असतं ताई,’ असं ऐकायचं नाही. सारखं नसतं आणि कापलेला ग्रॅनाइट परत जोडता येत नाही. त्यामुळे हॉब आधी घरात आला, मग ओटा कापला.

खरं वाजलं ते कपाटावरून. सिलिंडर ओट्याखाली बंद शटरच्या आत ठेवायचा प्लॅन होता. मी म्हटलं, शटरला खाली आणि वर हवा जायला मोकळी जागा हवी. सुतारकाकांचा चेहरा पडला. ‘ताई, एवढं ॲक्रिलिक शटर लावलंय, त्याला भोकं पाडली तर लुक जाईल.’

लुक जाऊ दे! सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो. बंद कपाटात साचला तर शटर उघडेपर्यंत कळत नाही. शेवटी खाली जमिनीलगत आणि वर ओट्याच्या कडेला अशा दोन्हीकडे जाळ्या बसवल्या. दिसायला वाईट दिसत नाहीत, हे काकांनीही नंतर मान्य केलं. प्लग पॉइंट हॉबच्या मागून काढून बाजूला नेला. खिडकी बरोबर समोर येत होती, म्हणून हॉब दोन फूट सरकवला. ज्योतीवर सरळ वारा नको आणि ज्योतीजवळ पडदाही नको. चिमणी हॉबच्या वर ६५ ते ७५ सेंटिमीटरवर, तीसुद्धा पुस्तिकेत बघून.

मेकॅनिक आला त्या दिवशी मी चक्क सुट्टी टाकली. ‘रीझन फॉर लीव्ह’ मध्ये ‘गॅस शेगडी’ लिहिलं, मॅनेजरने स्मायली पाठवला. सुट्टी वसूल झाली, कारण त्याच दिवशी तीन गोष्टी हातासरशी झाल्या.

पहिली, नळी. आतून तारेची जाळी असलेली केशरी ‘सुरक्षा’ नळीच लावायची. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते, दिसायला चांगली दिसली तरी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नाही, मध्ये जोड नाही, भिंतीच्या आतून नेणं नाही, वरून प्लॅस्टिकचं कव्हर नाही. कव्हरखाली चिरा दिसत नाहीत.

दुसरी, पातळी. सिलिंडर उभा, जमिनीवर, शेगडीच्या पातळीच्या खाली. आडवा कधीच नाही. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव गॅस बाहेर येऊ शकतो.

तिसरी, टेस्टिंग. मेकॅनिकने जोडणी केली आणि खिशातून काडेपेटी काढली. ‘लीक चेक करतो मॅडम.’ आईने स्वयंपाकघराच्या दारातूनच आवाज दिला, ‘अरे बाळा, थांब! साबणाचं पाणी देते.’ वाटीत साबण कालवून, पैसे मोजावेत तसं निवांतपणे तिने प्रत्येक जोडाला लावलं. बुडबुडे आले तर गळती, नाहीत तर नाही. काडी ओढून गळती शोधणं म्हणजे वाघ आहे का बघायला गुहेत बोट घालणं.

मग ज्योत. निळी, स्थिर, बर्नरला चिकटलेली. पिवळी होत असेल, भांड्याची बुडं काळी होत असतील, तर हवेचं प्रमाण बिघडलंय किंवा बर्नर तुंबलाय. आमची निळी होती. पण नॉब दाबून पाचेक सेकंद धरून ठेवावा लागतो, कारण ती दांडी तापायला वेळ लागतो. आईला हे अजिबात पसंत पडलं नाही.

‘धरून काय ठेवायचं? शेगडी आहे की लिफ्ट?’

आणि मग तिने जे मनात होतं ते बोलून टाकलं. ‘चाळीस वर्षं गॅसवर स्वयंपाक केला मी. तू हॉस्टेलला गेलीस तेव्हा रोज फोन करून मी तुला विचारायचे, गॅस बंद केलास ना? आता तू मला शिकवणार?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ती बरोबर होती. तिला शेगडी शिकवायची नव्हतीच. तिचं गेलेलं एक इंद्रिय घरात दुसरीकडे कुठेतरी बसवायचं होतं. मी तेच तसंच बोलून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘कान शाबूत आहेत माझे. कानाला कळेल असं काहीतरी आण.’

ही आयडिया तिची. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, की ती गेली काही वर्षं कानांनीच स्वयंपाक करते. मोहरी तडतडायची थांबली की हिंग, भाकरीचा थापण्याचा आवाज बदलला की पीठ बरोबर, ज्योतीची सूं ऐकून मंद की मोठी. तर, गॅस डिटेक्टर. गॅस जाणवला की कर्कश वाजणारा, हातभर केबलचा छोटा डबा. फ्लेम फेल्युअरवर सगळं सोपवून चालत नाही, कारण ते फक्त बर्नरवर लक्ष ठेवतं. नळी किंवा रेग्युलेटर गळला तर त्याला काही कळत नाही.

डिटेक्टर कुठे लावायचा? इलेक्ट्रिशियनने शिडी आणली, छताजवळ भोक पाडायला निघाला. ‘स्मोकचा असतो ना मॅडम, वर लावतात.’ धुराचा वर लावतात, बरोबर. पण एलपीजी खाली बसतो, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर. शेगडीच्या अगदी तोंडाशी नको, तिथे वाफ आणि तेल उडतं. आणि त्याच्यावर लिहिलेली सेन्सरची मुदत वाचून ठेवायची. तो कायमचा नसतो.

मग रविवारी संध्याकाळी आम्ही दोघींनी चक्क रिहर्सल केली. डबा वाजला तर काय? कुठलंही बटण दाबायचं नाही. लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. एक्झॉस्ट फॅन तर मुळीच नाही. बटणातली ठिणगी पुरते. पेटलेलं काही असेल तर विझवायचं, देवापुढचा दिवासुद्धा. नॉब बंद, रेग्युलेटर बंद, खिडक्या आणि बाल्कनीचं दार सताड उघडं. मग बाहेर. फोन बाहेर गेल्यावर. १९०६ हा एलपीजी गळतीसाठीचा देशभरातला हेल्पलाइन नंबर, चोवीस तास चालतो. तो आणि एजन्सीचा नंबर आईने मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत नाही, बाहेरच्या चपलांच्या कपाटावर चिकटवला. ‘बाहेर गेल्यावर करायचाय ना फोन? मग आत चिकटवून काय उपयोग?’ शिवाय एक भर तिची, ‘समोरच्या वहिनींची बेल वाजवायची नाही. दार ठोठवायचं.’ बेल हेसुद्धा बटणच की!

जुलैतली गोष्ट. दुपारी अडीच वाजता मीटिंगमध्ये फोन वाजला. आई.

‘डबा वाजला. सगळं बंद केलंय. जिन्याने खाली आलेय, समोरच्या वहिनींना पण आणलंय. १९०६ ला झालाय फोन. तू घाई करू नकोस, गाडी सावकाश चालव.’

‘गॅस बंद केलास ना?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘आधी तोच केला,’ ती म्हणाली. आणि फोनवर आम्ही दोघी एक क्षण काहीच बोललो नाही.

झालं होतं ते असं. आईने नवा सिलिंडर जोडला. त्याच्या तोंडात, व्हॉल्व्हच्या आत, एक रबरी वॉशर असतो. तो झिजलेला होता. रेग्युलेटर बसला, खटका फिरला आणि बाजूने गॅस झिरपायला लागला. साध्या माणसाला दोन मिनिटांत वास आला असता. आईला आला नाही. डब्याला आला. मी पोहोचेपर्यंत माणूस येऊन वॉशर बदलून गेला होता. आई बागेतल्या बाकावर वहिनींना साबणाच्या पाण्याचा फंडा समजावून सांगत होती. तेव्हापासून सिलिंडर घरात घेताना ती डिलिव्हरीवाल्यासमोर सील बघते, झाकण काढून वॉशर बघते आणि वरच्या पट्टीवरचं अक्षर वाचते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या आणि पुढे साल. सी-२७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत. पुढच्या तपासणीची मुदत उलटलेला सिलिंडर ती परत पाठवते. डिलिव्हरीवाला तिला बघून आधीच झाकण काढतो आता!

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला. पुण्यात तो एमएनजीएलचा, मुंबईत महानगर गॅसचा. लोकांना वाटतं, नळी इकडची काढून तिकडे लावली की झालं. नाही हो. हा गॅस वेगळा, मुख्यतः मिथेन. एवढ्याच आकारमानात त्याची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी. दाबही वेगळा. म्हणून बर्नरचे जेट मोठ्या भोकाचे लागतात. जुन्या जेटवर ज्योत मिणमिणती राहते. उलट, पाइपवर चालणारी शेगडी तशीच सिलिंडरला जोडली, तर ज्योत भडकते आणि काजळी धरते. घर बदलताना हे हमखास होतं. जेट बदलायचं काम घरच्या पान्याने करायचं नाही. गॅस कंपनीचा माणूस आणि शेगडीच्या सर्व्हिसचा माणूस एकाच दिवशी यावेत म्हणून मी अकरा फोन केले. सहाव्या माणसाची नोकरी!

आणि डिटेक्टर? पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका. तो वर जातो. म्हणून मिथेन ओळखणारा नवा डबा घेतला आणि छतापासून फूटभर खाली लावला. इलेक्ट्रिशियन तोच होता. शिडीवर चढता चढता म्हणाला, ‘बघा मॅडम, मी तेव्हाच म्हणत होतो, वर लावतात!’

आई आता रात्री ओटा पुसून झाला की भिंतीवरचा पाइपचा व्हॉल्व्ह आडवा करते आणि मोठ्याने म्हणते, ‘बंद.’ ती स्वतःच्या कानांना सांगते. मी आतल्या खोलीतून ऐकते.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. या शनिवारी पिझ्झा मागवायच्या आधी पाच मिनिटं ओट्याखाली डोकवा. नळीवरची तारीख वाचा. कपाटाला जाळी आहे का बघा. घरात नवी शेगडी येणार असेल तर त्या दिवशी सुट्टी टाका, मॅनेजर स्मायली पाठवेल, पाठवू दे. आणि गावी आई-बाबा एकटे राहत असतील, तर फोनवर जेवलात का, गोळ्या घेतल्या का, याच्या पुढे एक प्रश्न विचारा. वयाबरोबर नाक मंदावतं, कोविडने अनेकांचं बिघडवलंय आणि कुणीही आपणहून सांगत नाही.

विचारा, ‘वास येतो ना नीट?’

‘कळतं मला सगळं’ असं उत्तर आलं, तर पुढच्या सुट्टीत डबा घेऊनच गावी जा.